केस स्टडी: स्टुडिओतली आणि संशोधनातली

एम.आर्च.च्या, म्हणजे वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या सत्रात रिसर्च मेथड्सच्या तासाला सरांनी केस स्टडी करून आणायला सांगितली, तेव्हा अख्ख्या वर्गाला हायसं वाटलं. बी.आर्च.ची पाच वर्षं आम्ही दुसरं केलं काय होतं? मी बेळगावच्या वडगावातलं एका विणकराचं घर धरलं. टेप, कॅमेरा, दोन रविवार. प्लॅन काढला, सेक्शन (उभा छेद) काढला, फोटो डकवले आणि शेवटी रिवाजाप्रमाणे गुणदोषांचा तक्ता. दोषांत पहिलीच ओळ होती, ‘मागाच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद, वायुवीजन अपुरं.’ शीट परत आली. त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘का?’

आमचा घोटाळा नावाने केलेला. स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या तासाला, जिला केस स्टडी म्हणतात आणि संशोधनात जिला म्हणतात, त्या दोघी नावापुरत्याच बहिणी.

स्टुडिओतली केस स्टडी उसनवारीसाठी असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा इमारत (१९८३) कुठल्या विद्यार्थ्याने शीटवर काढलेली नसते? पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तिकडूनच ऊन आणि पावसाचा मारा. म्हणून जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती अठ्ठावीस मजल्यांवर नेऊन कोपऱ्यांत दुप्पट उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. आपण ती युक्ती उचलतो आणि आपल्या हाउसिंगच्या प्रोजेक्टला लावतो. गच्चीमागची खोली खरंच किती थंड राहते, हे कुणी विचारत नाही. प्रोजेक्ट तपासणारी ज्यूरीही नाही. डिझाइन पुढे सरकलं की केस स्टडीचं काम झालं.

संशोधनात ती गच्ची उचलून चालत नाही. तिथे विचारावं लागतं, ‘खोली थंड राहते ती गच्चीमुळे, की वाऱ्यामुळे, की आत एसी चालू असतो म्हणून?’ समाजविज्ञानातले संशोधक रॉबर्ट यिन यांनी १९८४ पासून या पद्धतीची जी मांडणी केली, ती मुख्यतः ‘कसं’ आणि ‘का’ या प्रश्नांसाठी. त्यातही अशा ठिकाणी, जिथे गोष्ट चालू आहे आणि तिची सूत्रं आपल्या हातात नाहीत. विणकराचं घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तुमच्या अभ्यासापायी तो माग बंद ठेवणार नाही.

मी परत वडगावला गेलो. मालकांना मामा म्हणायला लागलो होतो एव्हाना. पहिल्या खेपेला मी विचारलं होतं, “मामा, हवा खेळती राहते ना इथं?” उत्तर काय येणार? “राहतीय की!” प्रश्नातच उत्तर कोंबलेलं, आणि पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. या वेळी नुसतं विचारलं, “खिडकी कधी उघडता?” मामा हसले. “उघडली की सूत तुटतंय की रे. मार्चात तर हातच लावायचा नाही तिला.”

सुती धाग्याला ओल लागते. दमट हवेत तो जास्त ताण सोसतो, कोरड्या हवेत तटातट तुटतो. म्हणून सुती विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता साधारण ७५ ते ८५ टक्के ठेवतात. खड्डामागात विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जमिनीलगत राहतो, त्याला खालची ओल मिळते. म्हणजे माझ्या तक्त्यातला पहिला दोष हा त्या घराचा कामाचा भाग होता. डिझाइनच्या नादात मी तिथे एक्झॉस्ट फॅन सुचवून मोकळा झालो असतो.

पण संशोधनात मामांचा शब्दही लगेच उत्तर म्हणून चालत नाही, तो झाला फक्त अंदाज. खिडक्या धुळीमुळे बंद असतील, शेजारी खटखटीची तक्रार करत असतील, किंवा बिजागऱ्याच गंजल्या असतील. म्हणून मग पुढची घरं निवडायची, आणि इथेच दोन्ही केस स्टडींची वाट सगळ्यात जास्त वेगळी होते. स्टुडिओसाठी आपण देखणं, नावाजलेलं, जायला सोपं घर घेतो. संशोधनासाठी मी त्याच गल्लीतलं, तेवढ्याच रुंदीचं, तशाच भिंतींचं, पण माग काढून टाकलेलं घर शोधलं. सुताचंच कारण खरं असेल, तर तिथल्या खिडक्या उघड्या हव्यात. त्या बंद निघाल्या, तर माझा अंदाज लंगडा. चुकीचं ठरायची अशी सोय स्टुडिओच्या केस स्टडीत नसतेच.

‘एका घरावरून अख्ख्या वडगावाबद्दल कसं बोलणार?’ हा प्रश्न प्रत्येक सादरीकरणात येतो. वडगावातल्या किती टक्के घरांत खिडक्या बंद असतात, हे दोन-चार घरांवरून सांगता येत नाही. त्याला सर्व्हे लागतो, नमुना लागतो. केस स्टडीतून तपासायचं असतं ते कारण.

मोजमापाचंही तसंच. स्टुडिओत एकदा टेप लावली की झालं. इथे तापमान आणि आर्द्रतेची नोंद लॉगर दर १५ मिनिटांनी घेत राहतो, आणि मार्चच्या नोंदींशेजारी ऑगस्टच्या ठेवाव्या लागतात. मी तो पहिल्यांदा सोयीचा खिळा बघून सुताच्या बाबिणी गुंडाळायच्या यंत्राच्या मोटारीशेजारी टांगला. दोन दिवस मोटारीचं तापमान मोजलं!

माग नसलेली घरं दोन मिळाली. एकाच्या खिडक्या सताड उघड्या. दुसऱ्याच्या मात्र मामांच्या घरासारख्याच बंद. तिथल्या आजींना विचारलं, “खिडकी कधी उघडता?” त्यांनी भिंतीपलीकडच्या यंत्रमागाकडे बोट दाखवलं आणि त्या खटखटीत त्यांचं उत्तर मला दोनदा विचारावं लागलं.