कुसळीच्या माळाला स्टायलोची जोड

दिवाळी सरली की खानापूर-बेळगाव पट्ट्यातला माळ पिवळा पडतो. गवत गुडघाभर उभं, तरी जनावरं खंगतात, म्हशी दुधाला कमी होतात. वाळल्या कुसळीत, म्हणजे माळावरच्या या गवतात, प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के उरतात. चाऱ्यात ती ७ टक्क्यांखाली गेली की पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते, चोथा पचत नाही आणि जनावर पुढ्यातलं गवतही सोडतं.

म्हणून माळावर स्टायलो हवा. हा द्विदल चारा हवेतला नायट्रोजन मुळांवरच्या गाठींत धरतो. पावसाळ्यात जनावरं आधी कोवळं गवत खातात. स्टायलो मागं राहतो आणि नेमका टंचाईत उपयोगी पडतो. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं केंद्र धारवाडला आहे, बियाण्याची चौकशी तिथं करावी.

बी उगवत नाही ही नेहमीची तक्रार. बियाचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. तीन तांबे उकळतं पाणी नि एक तांब्या साधं पाणी एकत्र केलं की साधारण ८० अंश होतं. त्यात बी ४ मिनिटं ठेवावं, लगेच गार पाण्यात काढून सावलीत सुकवावं. मग चवळी गटाचं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) गुळाच्या पाण्यातून चोळावं. गरम बियाला लावलं तर जिवाणू मरतात.

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की आखूड चरलेल्या माळावर हातभर अंतराने उथळ तास पाडावेत. सगळा माळ नांगरू नये, माती वाहून जाते. एकरी अडीच ते चार किलो बी वाळूत मिसळून टाकावं आणि वरून बाभळीची फांदी फिरवावी. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. एकरी दोन-तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट द्यावं, कारण जांभ्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडतो. युरिया मात्र टाकूच नका. गवत माजतं आणि रोप सावलीत गुदमरतं.

दोन महिन्यांनी एक रोप मुळासकट उकरून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर नायट्रोजन धरण्याचं काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पहिल्या वर्षी बी गळेपर्यंत जनावरं सोडू नयेत. वाढलेलं गवत विळ्याने वरच्यावर कापावं. उन्हाळ्यात माळ पेटवला तर कोवळी रोपं जळून जातात.

अथणीकडच्या भारी काळ्या जमिनीत स्टायलो नीट रुजत नाही. तिथं निळ्या फुलांचा गोकर्ण लावावा. तो वेल असल्याने शेंडे पटकन खाल्ले जातात, म्हणून प्रत्येक चराईनंतर त्याला विसावा द्यावा लागतो.