‘सायलेंट’ पंखा बसवला की पॉवर सप्लाय शांत?

“पॉवर सप्लायचा पंखा घरघरतोय? त्याच मापाचा, १२ व्होल्टचा कुठलाही सायलेंट पंखा टाका, काम झालं.” पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

पंख्यावर १२ व्होल्ट छापलेले असले, तरी पॉवर सप्लाय त्याला सतत तेवढे देत नाही. आतलं तापमान पाहून व्होल्टेज कमी-जास्त होतं. काम हलकं असताना ते ४-५ व्होल्टांवरही येतं. मूळ पंखा तेवढ्यावर फिरतो. नवा काही वेळा जागचा हलतच नाही. आपण म्हणतो, वा, काय शांतता! आणि आत हीटसिंक, म्हणजे भागांची उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे, भाजत असतात. फिरला तरी दाटीवाटीतून हवा रेटायचा जोर मंद पंख्यात असेलच असं नाही. त्यामुळे नुसतं १२० मिलिमीटर माप जुळून भागत नाही; जाडी, फेरे आणि लेबलवरचा अँपिअरचा आकडाही बघावा लागतो.

‘प्लग काढला की हात घालायला हरकत नाही’ हे तर धोकादायकच. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. हे काम सवयीच्या माणसाचंच. वॉरंटी असेल तर पॉवर सप्लायचा बॉक्स उघडूच नका.

मुळात आवाज पॉवर सप्लायमधूनच येतोय का? वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक कानाला, दुसरं पंख्यांपासून वीतभर लांब. बरेचदा चोर ग्राफिक्स कार्डाशी सापडतो.