पॉइंट टू-टू रायफलचा परवाना: मॉडेल नंतर, आधी कारण

रुगर १०/२२ घ्यावी की मार्लिन मॉडेल ६०, हा वाद यूट्यूब पाहणाऱ्या पोरांत जोरात चालतो. दोन्ही अमेरिकन रायफली, सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते), पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंची रिमफायर (कडेला ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसावर चालणाऱ्या. रुगर १९६४ची, दहा गोळ्यांचं मॅगझिन काढता-घालता येतं. मार्लिन १९६०ची, नळीखालच्या लांब नळकांड्यात एकेक काडतूस सोडत बसायचं. नवशिक्याला मी रुगरच सांगेन, भरणं-रिकामं करणं सोपं म्हणून. पण आपल्याकडे सामान्य माणसाला बंदूक आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांना. विक्रेत्याकडे मिळाली तर जुनी मिळेल. देशी नवी हवी तर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, आणि ती बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे ओढायची.

त्याहून मोठी अडचण अर्जातल्या 'कारण' या रकान्यात आहे. आपल्याकडे बहुतेकांना बंदूक हवी असते रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी). पीक संरक्षणासाठी शस्त्र कायदा, १९५९ मुळात ठासणीची, म्हणजे आपली भरमार बंदूक धरतो. ती पुरत नाही असं पटलं तर साध्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलचं तिथे नावच नाही, आणि ते बरंच आहे. टू-टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. डुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होऊन तुरीत घुसतं, आणि सकाळी त्याच तुरीत बाया निंदायला जातात. हुकलेली गोळी सपाट शिवारात दीड किलोमीटरही जाते. टू-टू ही नेमबाजीची रायफल. त्यासाठी मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व असेल, तर अर्जाला खरा आधार मिळतो.

वय २१ पूर्ण हवं. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. नागपूर-अमरावती शहरात पोलीस आयुक्त. अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या केंद्राच्या पोर्टलवर भरायचा. सोबत फोटो, जन्मतारखेचा व रहिवासाचा पुरावा, आधार, नमुना एस-३ मधलं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी. क्लबचा दाखला असेल तर तो. पीक संरक्षण असेल तर सातबारा, आठ-अ, आणि मागे नुकसानीचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती जोडाच.

शस्त्राचा प्रकार लिहिताना जपून. २०१६च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं एका वरच्या, कडक श्रेणीत आहेत आणि रिमफायर काडतुसाच्या कमी वेगाच्या टू-टू रायफली तिसऱ्या श्रेणीत. तुमची रायफल कशात बसते हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका. कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेला पत्र द्या, लेखी उत्तर घ्या, मगच पैसे मोजा.

पुढे फाईल पोलीस ठाण्यात येते. बीटचा हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गुन्हे तपासतो. धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणातली जुनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, इथे हमखास वर येते. ती लपवू नका. कशाची होती, मिटली कशी, ते आधीच कागदावर द्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज नाकारला तर विभागीय आयुक्तांकडे ३० दिवसांत अपील करता येतं.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, हा समज गावोगाव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रोही किंवा डुकराला मारायची परवानगी वनखात्याकडून वेगळी काढावी लागते, कलम ११ खाली. ती नसेल तर परवान्याच्या बंदुकीनेही गुन्हाच. पिकाच्या भरपाईचा अर्जही वेगळा; तो वनखात्याकडे.

२०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून बोलावणं येऊ शकतं. तेव्हा बंदूक जमा करून पावती घ्यायची आणि ती परवान्यासोबतच ठेवायची.