शेरीच्या पिंपातली आयरिश व्हिस्की पारखताना

कायद्यानुसार आयरिश व्हिस्की किमान ३ वर्षं आयर्लंड बेटावरच, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या लाकडी पिंपात मुरावी लागते. बहुतेकदा हे पिंप आधी बर्बनसाठी, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरलेलं, साधारण २०० लिटरचं असतं. मुरलेली व्हिस्की नंतर काही महिने शेरी किंवा पोर्ट (अनुक्रमे स्पेन आणि पोर्तुगालच्या कडक वाइन) किंवा रमच्या पिंपात ठेवणं म्हणजे फिनिशिंग. चाखताना शोधायचं ते एवढंच, की या दुसऱ्या पिंपानं मूळ व्हिस्कीत भर घातली की तिला झाकून टाकलं.

एकच ग्लास समोर असेल तर हे कळत नाही. तुलनेला रेडब्रेस्ट या आयरिश ब्रँडच्या रेडब्रेस्ट १२ आणि रेडब्रेस्ट लुस्ताउ ही जोडी उत्तम. दोन्ही कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनच्या 'सिंगल पॉट स्टिल' व्हिस्की, म्हणजे मोड आणलेल्या आणि न आणलेल्या बार्लीच्या. दोन्ही प्रकारची बार्ली किमान ३० टक्के हवीच. मोड न आणलेल्या बार्लीमुळे तेलकट, साईसारखा दाटपणा आणि मसालेदार चुरचुर येते. मूळ व्हिस्कीची ओळख तीच. १२ मधलीही थोडी व्हिस्की शेरीच्या पिंपात मुरलेली असते, पण लुस्ताउ शेवटचं १ वर्ष पूर्णपणे ओलोरोसो या गडद, कोरड्या शेरीच्या पिंपात राहते.

इथे हमखास फसगत होते. १२ ची तीव्रता, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, ४० टक्के, लुस्ताउची ४६. जास्त तीव्र व्हिस्की जास्त भरदार वाटते आणि श्रेय पिंपाला जातं. म्हणून ३० मिलि लुस्ताउमध्ये ४.५ मिलि पाणी घालून दोन्ही समान करा. औषधाची सिरिंज यासाठी पुरते.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, व्हिस्की २० अंशांच्या आसपास. मे महिन्यातल्या मुंबईत ती ३२ अंशांवर असेल तर नाकाला आधी अल्कोहोलच झोंबतो. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. तिखट जेवणानंतर चाखू नका. तिखटामुळे चेतणारे तोंडातले उष्णता-संवेदक अल्कोहोलमुळेही चेतवले जातात, मग नुसती आग जाणवते. रंगावर तर भिस्त ठेवूच नका, कारण कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. व्हॅनिला आणि खोबरं बर्बनच्या पिंपातून येतात: व्हॅनिलिन लाकडातल्या लिग्निनमधून, खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनमधून. मनुका, खजूर, अक्रोड ही ओलोरोसोची देणगी. मग छोटा घोट १० सेकंद जिभेवर फिरवा. सुकामेव्याच्या खाली बार्लीची चुरचुर टिकून असेल तर फिनिशिंग जमलं.

घाईत उरकलेलं फिनिशिंग लगेच उघडं पडतं: पहिल्या क्षणी गोडवा, मग मधली चव पोकळ. लाकडात मुरलेली शेरी नुसती वर तरंगते. उलट फार लांबलं की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हिरड्या आवळतात, कोऱ्या चहाचा कडवटपणा मागे राहतो.

शंका असेल तर त्याच ग्लासात आणखी ११.५ मिलि पाणी घाला; तीव्रता सुमारे ३० टक्क्यांवर येते. पाण्यापासून फटकून राहणारे, धुरकट वासाच्या ग्वायकॉलसारखे गंधरेणू आता पृष्ठभागाकडे सरकतात, झोंबणंही कमी होतं आणि दोष लपत नाहीत. विझलेल्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास आला तर तो गंधकाचा. रिकामी पिंपं टिकवण्यासाठी त्यांत गंधक जाळतात, त्याचा हा अवशेष असू शकतो. १५ मिनिटं ग्लास उघडा ठेवून पुन्हा हुंगा. वास तसाच असेल तर दोष पिंपाचा आहे, आणखी पाणी घालून तो जाणार नाही.