ऑक्सिजन नावाचा धातू

ताऱ्यांवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, नवखा वाचक एका शब्दाला हमखास अडखळतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, अगदी निऑनसुद्धा तिथे बिनदिक्कत ‘धातू’ म्हणून मोजलेले असतात. शाळेत धातू-अधातूंचा तक्ता घोकलेल्याला ही छपाईची चूक वाटेल. पण खगोलशास्त्रज्ञ खरोखरच तसं म्हणतात.

रसायनशास्त्राचा धातू ठरतो त्याच्या वागण्यावरून. बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारा तो धातू. म्हणून सुरीने कापता येणारं सोडियम आणि उणे ३९ अंशांपर्यंत द्रवच राहणारा पारा, दोघेही लोखंडाच्या पंगतीला बसतात.

खगोलशास्त्रज्ञ मात्र वागणूक बघत नाही, जन्म बघतो. विश्वाचा आरंभ झाला त्या महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले, सोबत लिथियमचा नाममात्र अंश. बाकीची मूलद्रव्यं बहुतेक सगळी पुढे ताऱ्यांच्या पोटात किंवा त्यांच्या स्फोटांत घडली. सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन-हेलियमचा वाटा ९८ टक्क्यांहून जास्त आहे. उरलेल्या चिमूटभर ऐवजाला एकच नाव दिलं की काम भागतं, आणि ते नाव ‘धातू’. या हिशेबात सूर्यातला सर्वांत मुबलक धातू ऑक्सिजन ठरतो! मला हा आळशीपणा वाटत नाही. तारा कितव्या पिढीतला, हा इथला खरा प्रश्न. जितके धातू कमी तितका तो साधारणपणे जुन्या काळातला. तिथे ऑक्सिजन वीज वाहून नेतो की नाही, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

गंमत म्हणजे सूर्य हायड्रोजनचा आहे हेच मुळी फार उशिरा कळलं. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची गर्दी असते, त्यामुळे तोही पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा असावा असं मानलं जाई. खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी १९२५ साली प्रबंधात हायड्रोजन प्रचंड प्रमाणात असल्याचं दाखवलं. पण हेन्री नॉरिस रसेल या दिग्गजाच्या आक्षेपामुळे हे आकडे जवळपास नक्कीच खरे नाहीत, असं पेन यांना स्वतःच लिहावं लागलं. १९२९ साली रसेल त्याच निष्कर्षाला पोचले.

हेलियमची कथा आणखी वेगळी. या नावाच्या शेवटचा ‘इयम’ सोडियम, कॅल्शियम या धातूंच्या घराण्यातला आहे, कारण सूर्याच्या वर्णपटात तो ओळखणारे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांना तो धातू वाटला होता. निघाला निष्क्रिय वायू. (विजयदुर्गावर ‘साहेबाचा कट्टा’ दाखवून लॉकयर यांनी तिथूनच १८६८ चं ग्रहण पाहिलं असं सांगतात. त्या ग्रहणाची निरीक्षणं फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केली. लॉकयर यांची गाजलेली निरीक्षणं त्याच वर्षी ऑक्टोबरमधली, इंग्लंडातून ग्रहणाविना केलेली.)

आपल्याकडे ‘धातू’ या शब्दाचा संसार आधीच मोठा. व्याकरणात ‘कर’, ‘बस’, ‘जा’ हे धातू. बौद्ध परंपरेत धातू म्हणजे पवित्र अवशेष, आणि ते पोटात ठेवणारा स्तूप तो धातुगर्भ. श्रीलंकेतला ‘दागोबा’ त्यावरूनच आला. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असे सात.

आता एकाच माणसाच्या शरीराचा हिशेब करून बघा. आयुर्वेदासाठी ते सात धातूंवर उभं आहे. रसायनशास्त्रज्ञाला त्यात वजनाने जेमतेम दोन टक्के धातू सापडतील: हाडांतलं कॅल्शियम, थोडं पोटॅशियम आणि सोडियम, आणि चार-एक ग्रॅम लोह, त्यातलं बरंचसं रक्तात. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजनचे सुमारे दहा टक्के वगळून बाकी सगळंच, म्हणजे नव्वद टक्के, धातूच्या खात्यात टाकेल.

भौतिकशास्त्राचा हिशेब आणखी निराळा: पदार्थ कुठला याला महत्त्व नाही, त्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात का ते बोला. १९३५ साली विग्नर आणि हंटिंग्टन यांनी अफाट दाबाखाली हायड्रोजनही धातू बनेल असं भाकीत केलं. गुरू ग्रहाच्या पोटात तसा दाब आहे. त्याचं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तिथल्या द्रव, धातुरूप हायड्रोजनच्या प्रवाहांतून निर्माण होतं, असं मानतात. २०१६ साली गुरूजवळ पोचलेल्या ‘जुनो’ यानाच्या मोजमापांवरून ग्रहात खगोलशास्त्राच्या अर्थाने धातू किती याचे अंदाज बांधले जातात, तेव्हा हा सगळा हायड्रोजन मात्र त्या बेरजेतून वगळलेला असतो.