स्वतंत्र फुटबॉल समर्थक संघटना

फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी स्वतःच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मतदानाने चालवलेली, मालकांच्या हुकमाबाहेरची संघटना. क्लबनेच काढलेल्या फॅन क्लबात सभासदाला कार्ड आणि सवलत मिळते. ही संघटना मात्र तिकिटाचे दर, स्टेडियममधली सुरक्षितता आणि क्लबची विक्री यांबद्दल मालकांना जाब विचारते.

इंग्लंडमध्ये समर्थक मंडळांचा राष्ट्रीय महासंघ १९२७ पासून होता. ‘मदत करू, आड येणार नाही’ अशा अर्थाचे त्याचे ब्रीद होते. मंडळांनी पैसे जमवून द्यायचे, कारभारात बोलायचे नाही, अशी ही रीत होती. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या स्टँडला आग लागून ५६ जण गेले आणि ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर ३९ जण दगावले. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये रोगन टेलर आणि पीटर गॅरेट यांनी फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन स्थापन केली. प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचे करण्याच्या सरकारी योजनेला तिने कडाडून विरोध केला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर झालेल्या चेंगराचेंगरीतील मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला, आणि दोष चाहत्यांच्याच माथी मारण्यात आला. सरकारने चौकशीला नेमलेले न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य ठपका पोलिसांच्या नियंत्रणावर ठेवला. ओळखपत्राची योजनाही बारगळली. चाहते निर्दोष होते हे मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत (इन्क्वेस्ट) ज्यूरीने अधिकृतपणे नोंदवायला २०१६ उजाडले. हा विलंब अक्षम्य आहे.

१९९२ मध्ये इंग्लंडची सर्वांत वरची स्पर्धा म्हणून प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि क्लबनिहाय संघटना जोर धरू लागल्या. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांची स्वतंत्र संघटना १९९५ ची. १९९८ मध्ये बीस्कायबी या टीव्ही कंपनीने ६२.३ कोटी पौंडांना क्लब विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा ही संघटना आणि छोटे भागधारक यांनी मिळून लढा दिला. एप्रिल १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला.

लंडनच्या विम्बल्डन क्लबची कथा सर्वांत बोलकी. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने क्लबला लंडनहून मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायला परवानगी दिली. चाहत्यांनी आठवड्याभरातच नवा क्लब काढायला घेतला. जूनअखेर विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खुली निवडचाचणी ठेवली, तिला सुमारे २३० खेळाडू आले. जुलैतला पहिला सामना हा नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, ०-४ हरला, तरी बघायला साडेचार हजारांवर माणसे होती. खालच्या पायरीवरून सुरुवात केलेला हा क्लब २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये जुन्या क्लबच्या प्लाऊ लेन या भागात परतला. त्याची बहुमताची मालकी आजही समर्थकांच्या ट्रस्टकडे आहे.

हे ट्रस्ट इंग्लंडच्या सहकार कायद्याखाली नोंदतात. पहिला ट्रस्ट नॉर्दॅम्प्टनला १९९२ मध्ये ब्रायन लोमॅक्स यांच्या पुढाकाराने उभा राहिला. साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला त्याची घडी ओळखीची वाटेल: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

टेलर-गॅरेट यांची राष्ट्रीय संघटना, फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन, २००२ मध्ये जुन्या महासंघाशी एकत्र येऊन नवा महासंघ बनला. पुढच्या आणखी एका विलीनीकरणानंतर मूळ नाव परत आले. बाहेरगावच्या सामन्याला जाणाऱ्या चाहत्यांच्या तिकिटाला प्रीमियर लीगमध्ये २०१६ मध्ये ३० पौंडांची मर्यादा आली, ती या संघटनेच्या मोहिमेला यश आल्यामुळे. २०२१ मध्ये बड्या क्लबांनी जाहीर केलेल्या वेगळ्या युरोपियन सुपर लीगमधून सहा इंग्लिश क्लब दोन-तीन दिवसांतच बाहेर पडले. त्यानंतरच्या मंथनातून २०२५ चा फुटबॉल नियमन कायदा आला.

मराठवाड्याचे फुटबॉलशी जुने नाते आहे. हा प्रदेश हैदराबाद राज्यात असताना सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. आज देशाच्या वरच्या लीगमधला एकही क्लब इथे नाही. संभाजीनगर, नांदेड, लातूरचा चाहता बहुधा इंग्लिश क्लबचा, आणि तोही टीव्हीपुढचा. त्याला मत नाही, पण वजन आहे. तिथला दुपारी साडेबाराचा सामना इथे उन्हाळी वेळापत्रकात संध्याकाळी पाचला, हिवाळ्यात सहाला लागतो, आणि ही वेळ आशियातल्या प्रेक्षकांना सोयीची पडते. त्याच सामन्यासाठी न्यूकॅसलहून लंडनला जाणाऱ्या चाहत्याला पहाटे घर सोडावे लागते. टीव्हीसाठी बदलल्या जाणाऱ्या वेळांविरुद्ध तिथल्या संघटना गेली अनेक वर्षे भांडत आहेत.