पटावर घेवडा, शेतात पाण्याची पाळी

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलांसमोर मी बुद्धिबळाचा पट उघडला. मोहरे घरीच ठेवले होते. त्यांच्या जागी २२ चिंचोके आणि वाघ्या घेवड्याचे २२ दाणे कसेही विखरून ठेवले. उरलेली २० घरं मोकळी. वाघ्या घेवडा याच तालुक्याचा, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्या लालसर पट्ट्यांचा दाणा काय आहे हे मुलांना सांगावं लागलं नाही.

नियम एकच होता. प्रत्येक दाण्यानं भोवतालची आठ घरं पाहायची. तिथं जेवढे शेजारी असतील त्यांतले निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असले की दाणा खूश. नसले तर उठायचं आणि जवळच्या मनाजोग्या मोकळ्या घरात जाऊन बसायचं. म्हणजे दोन तृतीयांश शेजारी वेगळे असले तरी याची तक्रार नाही. असा शेजारी कुणालाही आवडावा.

दाणे हलवण्याआधी मी प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला लावला. हा भाग मी कधीच गाळत नाही, आणि त्याला कारण आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या प्रयोगांचा मुलांना कितपत उपयोग होतो, हे कॅथरीन क्राउच, एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं आणि २००४ साली प्रसिद्ध केलं. नुसता प्रयोग पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यामागचं कारण विचारलं, तर प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा त्यांना फारसं बरं सांगता आलं नाही. ज्यांनी आधी अंदाज बांधला होता त्यांना जास्त जमलं. आपला अंदाज चुकल्याशिवाय डोळे नीट उघडत नाहीत, हे मी वर्गात दरवर्षी पाहते.

बहुतेक चिठ्ठ्यांवर होतं, ‘मिसळलेलेच राहतील’. वीस मिनिटं दाणे सरकत राहिले. शेवटी पटाच्या एका अंगाला चिंचोक्यांचा पुंजका, दुसऱ्या अंगाला घेवड्याचे दोन पुंजके आणि मधे मोकळ्या घरांची बोळ. पहिल्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “पण मॅडम, वेगळं व्हायचं असं कुणीच म्हटलं नव्हतं की.”

अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी नेमकं हेच दाखवलं होतं. त्यांचा प्रश्न अमेरिकेतल्या शहरांचा होता. गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या वस्त्या इतक्या वेगळ्या का पडतात? पटावर नाणी सरकवत त्यांनी हे मॉडेल तयार केलं आणि १९७१ साली सविस्तर मांडलं. माणसामाणसांची आवड सौम्य असली, तरी सगळ्यांची मिळून होणारी मांडणी टोकाची असू शकते. शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हाच खेळ संगणकावर काही सेकंदांत होतो. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेलं नेटलोगो हे सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरतात, आणि ते मोफत आहे. त्यात पडद्यावर फिरणाऱ्या प्रत्येक ठिपक्याला ‘कासव’ म्हणतात. हे नाव लोगो नावाच्या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतून आलं. १९६७ मध्ये जन्मलेल्या त्या भाषेत मुलं कासव चालवत चालवत भूमिती शिकायची. शेलिंग यांचं मॉडेल नेटलोगोत तयार मिळतं आणि त्याला एक स्लायडर असतो, ‘आपल्यासारखे शेजारी किती टक्के हवेत?’

स्लायडर ३० वर ठेवा. सुरुवातीला सरासरी निम्मे शेजारी सारखे असतात, खेळ थांबतो तेव्हा ते प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलेलं असतं. आता मुलांना विचारलं, ८० वर नेला तर? सगळे ओरडले, “अजून वेगळे पडतील!” प्रत्यक्षात पडदा नुसता वळवळत राहिला. एवढी मोठी अट पुरी करणारं घर जवळजवळ कुणालाच मिळत नाही, जो तो उठून निघतो, आणि जिथं जाऊन बसतो तिथल्या शेजाऱ्यांचंही गणित बिघडवतो. पुंजका धरायला कुणीतरी एका जागी टिकावं लागतं.

स्लायडर कोण कसा हलवतं, हेही मी वहीत टिपत असते. काही मुलं सगळे स्लायडर एकदम सरकवतात, चित्र बदलतं, पण कशामुळं बदललं ते कळत नाही. काही मुलं एकच हलवतात, थांबतात, पुन्हा तिथूनच सुरू करतात. लेखी परीक्षेत हा फरक दिसत नाही. शिक्षणाच्या संशोधकाला असं मॉडेल हवं असतं ते यासाठी. मूल विचार करत असताना त्याची बोटं काय करतात, हे तिथं दिसतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं मात्र मला अडवलं. “म्हणजे आमची वस्ती गावाबाहेर आहे, ती अशामुळं?”

नाही. हे उत्तर मी तेव्हा ठामपणे दिलं आणि इथंही देते. शेलिंग यांच्या पटावरचा प्रत्येक दाणा उठून हव्या त्या मोकळ्या घरात जाऊ शकतो. आपल्या गावांत ती मोकळीक सगळ्यांना नव्हती. कुणी कुठं राहायचं, कोणत्या विहिरीचं पाणी भरायचं हे जातीनं ठरवलेलं होतं आणि ते जबरदस्तीनं पाळून घेतलं जात होतं. तिथं सौम्य आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

मी त्याला म्हटलं, तूच नियम बदल. त्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, “घेवड्यानं खालच्या दोन ओळींतच बसायचं. वर मोकळं घर असलं तरी जायचं नाही.” दोन ओळी म्हणजे १६ घरं, दाणे २२. सहा दाणे हातात उरले. ते कुठं ठेवायचे हे त्याच्या नियमात नव्हतं. वर्ग गप्प झाला होता.

पट मात्र पहिल्याच खेळीत दुभंगला होता, लांबून पाहिलं तर आधीच्यासारखाच. मॉडेल वापरणाऱ्या प्रत्येकानं ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असं मला मनापासून वाटतं. मॉडेल एवढंच सांगतं की इतक्या छोट्या कारणानंही असं घडू शकतं. आपल्या गावात तेच घडलं का, हे पटावरून कळत नाही. त्यासाठी गावाचा जुना नकाशा काढावा लागतो, जमिनीचे उतारे पाहावे लागतात, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागतं.

बालीमध्ये हे काम फार चांगलं झालं. तिथं एका पाटावर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला सुबक म्हणतात. (आपल्या ‘सुबक’शी त्याचा संबंध नाही.) कुणी केव्हा लावणी करायची हे पाण्याच्या देवळांत बसून ठरायचं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणात शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की जमेल तितक्या वेळा भात घ्या. वेळापत्रक मोडलं, पाणी अपुरं पडू लागलं, कीड वाढली. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं मॉडेल केलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर कापणीनंतर सगळी रानं एकदम रिकामी पडतात आणि किडीला खायला उरत नाही, पण पाणी सगळ्यांना एकाच वेळी लागतं. प्रत्येकानं वेगळी वेळ धरली तर पाणी पुरतं, पण कीड या रानातून त्या रानात हिंडत राहते. मधला मार्ग कुठं आहे? मॉडेलमधल्या प्रत्येक सुबकाला त्यांनी एवढंच शिकवलं की शेजाऱ्यांत ज्याचं पीक चांगलं, त्याचं वेळापत्रक उचल. थोड्याच वर्षांत पडद्यावर जी मांडणी उभी राहिली, ती देवळांनी घालून दिलेल्या मांडणीशी बरीच जुळत होती. ते जुळतं का, हे त्यांनी खऱ्या शेतांशी ताडून पाहिलं होतं.

हे वाचल्यापासून मला आमच्याकडच्या धोम धरणाच्या कालव्यावरची माणसं आठवत होती. अशी मॉडेलं गावकऱ्यांसमोर मांडून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची पद्धत फ्रेंच संशोधकांनी १९९० च्या दशकात रुजवली. सेनेगलमधल्या भातशेतीच्या पाण्यासाठी त्यांनी ती वापरली होती. मग एका संध्याकाळी आम्हीही कालव्याकाठच्या एका गावात, देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप आणि पट घेऊन बसलो. पटावर एक चारी, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारा छोटा पाट, तिच्यावर तोंडापासून टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, दहा शेतकरी, आणि वरच्यांनी वाट्यापेक्षा किती जास्त पाणी घ्यायचं याचा एक स्लायडर. स्लायडर वाढवला की टेलची रानं वाळायची. माणसं माना डोलवत होती. हे त्यांना ठाऊकच होतं.

पदर सावरून कडेला उभी असलेली एक बाई पुढं आली. “ह्यात रात कुठाय?”

मला कळलं नाही. ती म्हणाली, “पाळी रातची आली तर दारं कोण धरणार? मालक मुंबईला. मी एकली रातची पाटावर जाऊ? पाणी तसंच शेजाऱ्याच्या उसात जातंय.”

आमच्या मॉडेलमध्ये दिवस आणि रात्र सारखेच होते. ज्याची पाळी, त्याला पाणी मिळालं, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथंच बसून आम्ही दोन गोष्टी वाढवल्या. निम्म्या पाळ्या रात्रीच्या केल्या, आणि काही घरांना रात्री दारं धरता येत नाहीत, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवून घेता येत नाही, असं ठरवलं. मॉडेल पुन्हा चालवलं. या वेळी टेलच्या आधीच, चारीच्या मधोमध दोन रानं वाळली. त्यांच्या वरच्याला आणि खालच्याला भरपूर पाणी होतं.

ओट्यावरची पुरुषमंडळी आपसांत बोलू लागली. बाई खाली वाकली आणि वाळलेल्या दोनांपैकी एका घरावर तिनं बोट ठेवलं. “हे माझं रान. आता माझी पाळी दिवसाची करा, आणि चालवा परत.”